जिजीला न सांगितलेल्या सफरी

दिलीपचा फोन आला तेव्हा मी बदनापूर स्टेशनातून बाहेर पडून शाळेच्या रस्त्याला लागले होते. जालन्याहून सकाळच्या गाडीने येणारा आम्हा सात-आठ मास्तर-बाईंचा घोळका नेहमीसारखा पुढे-मागे चालत होता, कुणीतरी आदल्या दिवशीच्या बैठकीवर कुरकुरत होतं, आणि मी पिशवीतून फोन काढून ‘बोल रे’ म्हटलं. दिलीप म्हणजे माझी मैत्रीण वंदना हिचा धाकटा भाऊ. जाफराबादकडे आमच्या गावात शेती करतो आणि कामाशिवाय कधी फोन करत नाही. तो म्हणाला, “उषाताई, वंदीताई वारली. काल सकाळी. जहाजावर.” मी काही बोलायच्या आत त्यानं पुढे विचारलं, “ती जहाजावर काय करू राह्यली व्हती? तुला म्हाईत व्हतं का?” दोन्ही धक्के त्याला सारखेच बसले असावेत. मी रस्त्याच्या कडेला थांबले. घोळका पुढे निघून गेला. मला रडू आलं नाही, काही सुचलंही नाही, मी फक्त ‘हो’ म्हणाले... मग तो आईबद्दल म्हणाला, “जिजीला ताई गेल्याचं सांगितलंय. जहाजाचं न्हाई सांगितलं. तू बी सांगू नको.”

त्यानंतर मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी शाळेत गेले. सातवीच्या वर्गावर गेले, फळ्यावर तारीख लिहिली, हजेरी घेतली आणि अख्खा तास शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, “बरं नाही का?” तेव्हा मी त्यांना म्हणाले, “माझी मैत्रीण वारली.” ते वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर मी खुर्चीत बसले ती उठूच शकले नाही. आज सहा आठवडे झाले. अजून मधूनच मला वाटतं की हे मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेलं आहे.

वंदी एकोणपन्नास वर्षांची होती. माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी, आणि ते दोन महिने तिनं जन्मभर वापरून घेतले. कोचीनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती पाण्याखालच्या आवाजाचा अभ्यास करायची. आवाज समुद्राच्या पृष्ठभागावर खालून आदळला की त्याचं काय होतं, आणि लाटा फुटल्यावर पाण्यात जे बुडबुडे उतरतात ते त्या आवाजाचं काय करतात, एवढाच तिचा विषय. एवढ्याशा विषयावर माणसाचं अख्खं आयुष्य जातं हे आमच्या गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. उन्हाळ्यात टँकर आला की जिथे घागरींची झुंबड उडते, तिथली पोरगी समुद्राचा अभ्यास करते म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग पगार विचारायचे. लग्न केलं नाही म्हणून गावानं बोलून घेतलं ते वेगळंच. वंदीला त्याचं काही नव्हतं. तिला धाक एकाच माणसाचा होता, तिच्या आईचा. तिच्या आईला आम्ही सगळे जिजी म्हणतो.

जिजीचा धाकटा भाऊ नदीच्या पुरात गेला होता. तेव्हा जिजीचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. ती काठावर उभी होती, तिच्या डोळ्यांदेखत तो वाहून गेला. तेव्हापासून तिनं नदीत पाऊल घातलं नाही. विहिरीवर गेली तरी काठापासून चार हात लांब उभी राहून दुसऱ्या बाईकडून घागर भरून घ्यायची. आणि अशा बाईची लेक दुपारभर आमच्या वावरातल्या विहिरीत माझ्याबरोबर डुंबत असायची. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही दोघी पोहायला शिकलो, तेही माझ्या काकाच्या देखरेखीखाली आणि वंदीच्या घरी पत्ता लागू न देता. ओल्या केसांचं कारण मीच द्यायचे, “जिजी, आमच्या घरी शिकेकाई केल्ती, वंदीनं बी डोकं धुतलं.” आठवड्यातून चार वेळा डोकं धुणाऱ्या मुली अख्ख्या तालुक्यात आम्हीच असू. जिजीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी चोराच्या मनात चांदणं, मी आपली आणखी दोन कारणं जोडायचे.

त्या विहिरीत बोअरचं पाणी सोडलेलं असायचं. आमच्याकडे बोअरला पाणी थोडं लागतं, ते थेट पिकाला पुरत नाही, म्हणून लाईट असेल तेव्हा ते विहिरीत साठवायचं आणि मग तिथून उपसायचं. वरून पाइपाची धार पडायची आणि खाली पाणी पांढरंफट्ट व्हायचं. आमचा एक खेळ होता. समोरासमोरच्या दोन कडांना डोकं पाण्यात घालून राहायचं, एकीनं पाण्याखाली दगडावर दगड आपटायचा आणि दुसरीनं किती ठोके ऐकले ते सांगायचं. एरवी ते ठोके कानातच आपटल्यासारखे यायचे. पण बोअर चालू असला की काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मी म्हटलं, धारेच्या आवाजात ठोके बुडत असतील, त्यात काय एवढं. वंदी म्हणाली, थांब. ती लाईट जायची वाट बघत राहिली, आणि आमच्याकडे लाईट जायची वाट फार वेळ बघावी लागत नाही. लाईट गेली, धार थांबली, आवाज बंद... पण पाणी अजून पांढरं होतं. ती दगड आपटत होती, मला समोरून तिचे खांदे हलताना दिसत होते, मी डोकं बुडवलं आणि तरीही मला काही ऐकू आलं नाही. मग फेस हळूहळू वर गेला आणि ठोके येऊ लागले, आधी दबके, मग खणखणीत. वंदी वर आली, तिनं मला काय काय ऐकू आलं ते विचारून घेतलं आणि नाकातोंडातलं पाणीसुद्धा न पुसता म्हणाली, “धार न्हाई खात आवाज. फेस खातो.” दहा-अकरा वर्षांची असेल. मला भूक लागली होती, मी घरी जाऊ म्हणाले.

पुढे ती संभाजीनगरला शिकली, मग कोचीनला गेली, आणि बत्तिसाव्या वर्षी तिथल्या प्रयोगशाळेत कायम झाली. नोकरीचा कागद घेऊन ती गावी आली तेव्हा जिजीनं पेढे नंतर वाटले, आधी तिला देव्हाऱ्यासमोर उभी केली. “समुद्राच्या काठी राह्यचं तर राह्य. पण नावंत बसायचं न्हाई. घे आण.” आमच्याकडे आण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. देवासमोर ज्याच्या गळ्याची आण घेतली, ती मोडली की तो माणूस जगत नाही, असं मानतात. बायका सहसा म्हणतात, माझ्या गळ्याची आण घे. जिजीही तेच म्हणाली. वंदी म्हणाली, “तुझ्या न्हाई, माझ्या गळ्याची घेते,” आणि स्वतःच्या गळ्याला चिमटी लावून तिनं आण घेतली. मी तिथेच होते. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “तू तर असलं काही मानत नाहीस.” ती म्हणाली, “न्हाईच मानत. पण चुकून खरं निघालं तर जिजीला काही व्हायला नको.” त्यावर आम्ही दोघी हसलो होतो. ते हसणं आता मला सोसत नाही.

दुसऱ्याच वर्षी ती जहाजावर गेली. नोकरीच तशी होती. वारा नसेल तर लाट नाही, लाट नसेल तर फेस नाही, म्हणजे शांत समुद्रावर तिचं काही काम नव्हतं. सगळे जण किनाऱ्याला लागायचे त्या पावसाळ्याच्या दिवसांत यांचं जहाज निघायचं. त्या पहिल्या सफरीहून आल्यावर तिनं मला शाळेत फोन केला आणि तास-दीड तास नुसती बोलत राहिली. यांनी पाण्यात खोल एक यंत्र सोडलं होतं. ते वरच्या दिशेनं आवाज पाठवायचं आणि पृष्ठभागावरून परत आलेला आवाज टिपून घ्यायचं. वारा वाढत गेला तसा परतीचा आवाज विस्कटत गेला, हे सगळ्यांना अपेक्षितच होतं. पण वारा आणखी चढला आणि पृष्ठभागावरून येणारा आवाज जवळजवळ नाहीसाच झाला. बरोबरच्या एका ज्येष्ठ माणसाचं म्हणणं पडलं की तारेत खारं पाणी शिरलंय, यंत्र बिघडलंय, या दिवसांच्या नोंदी टाकून द्या. तेव्हा वंदी म्हणाली की यंत्र बरोबर आहे, वर फेसाचा थर जमलाय, आवाज वरपर्यंत पोचतच नाहीये. वारा उतरल्यावर यंत्र आपोआप बरं झालं आणि ते गृहस्थ तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. “हे पुस्तकात हाय गं,” ती मला म्हणाली, “जगाला आधीपासून म्हाईत हाय, मी काही नवीन न्हाई सांगितलं. पण मला ते पुस्तकातून न्हाई आठवलं. मला तुझी विहीर आठवली.” मला तिचा अभिमान वाटला, आणि तिनं आण मोडली हे कळून भीतीही वाटली.

मग त्याची पद्धतच पडली. निघण्याआधी ती दोन फोन करायची. एक जिजीला, “ऑफिसात तपासणी हाय, दहा-बारा दिवस फोन लागणार न्हाई, काळजी करू नको.” दुसरा मला, निघायची आणि परतायची खरी तारीख सांगायला. मधे जिजीला करमलं नाही की ती मला फोन लावायची, “उषे, वंदीचा फोन काऊन लागंना?” आणि मी म्हणायचे, “जिजी, तपासणी म्हणजे काय थोडंथोडकं असतं का.” केस धुण्याची कारणं देणारी मी, या कामाला काही नवखी नव्हते. एका वर्षी तर मी वरिष्ठ अधिकारी दिल्लीहून आल्याचं आणि ते फार कडक असल्याचंही सांगितलं. जिजीनं त्या अधिकाऱ्याला शिव्या घातल्या. वंदी परत आल्यावर मी तिला ते सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी त्याची बदली कर. फोन ठेवल्यावर मात्र मी हवामानाच्या बातम्या बघत बसायचे, आणि ती परत आल्याचा फोन येईपर्यंत माझं शिकवण्यात लक्ष नसायचं.

एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे कोचीनला गेले. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. तिनं मला बंदराच्या धक्क्यावर नेलं. पाणी त्या दिवशी अगदी शांत होतं. मी वरून बघत होते आणि ती मला खालून समजावत होती. पाण्यातला आवाज वर हवेत फारसा जातच नाही म्हणाली, जवळजवळ सगळा परत खाली फेकला जातो. शांत पाणी असेल तर आरशावरून उन्हाचा कवडसा जावा तसा सरळ एका दिशेनं जातो. लाटा असल्या की तोच दहा दिशांना उधळतो. त्यातही लाट वर जात असेल की खाली, त्याप्रमाणे परत आलेला आवाज किंचित उतरतो किंवा चढतो, म्हणजे खाली बसून वरची लाट कुठे चालली ते सांगता येतं. आणि बुडबुडे तर प्रत्येक आपापल्या आकाराच्या सुरात वाजतात, लहान चढा, मोठा खर्जातला. पाण्यात थेंब पडल्याचा जो टणत्कार खाली ऐकू येतो तोसुद्धा बऱ्याचदा थेंबाचा नसतो, थेंबानं आत ओढून नेलेल्या बुडबुड्याचा असतो. मी मराठीची बाई, मला यातलं निम्मं कळलं. पण ती बोलत असताना मला एक नक्की कळलं की जिजीनं जन्मभर ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्याच्या आत तिच्या लेकीला घरच्यासारखं वाटतं. मी म्हटलं, “वंदे, जिजीला एकदा इथे आण. हे सगळं तिला सांग.” ती पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, सांगते कधीतरी.

या वर्षी निघण्याआधी तिचा फोन आला तेव्हा मी जरा चिडूनच बोलले. म्हटलं, आता आपण पन्नाशीला आलो, मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय, सांगून टाक. वंदी म्हणाली, “ही सतरावी सफर हाय. आता सांगितलं तर जिजी जहाजासाठी न्हाई मारणार, सतरा वर्षांसाठी मारंल. तुला बी मारंल.” मी हसले. मग तिनं दिलीपच्या सोयाबीनची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली, आणि ठेवते म्हणाली. तेच शेवटचं बोलणं. नवव्या दिवशी सकाळी ती यंत्राच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली, हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला आणि खाली बसली... मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. जहाजावरच्या डॉक्टरला काही करता आलं नाही. ती जमिनीवर असती तरी बहुधा काही करता आलं नसतं, असं नंतर सगळ्यांनीच सांगितलं.

विमानानं तिला संभाजीनगरपर्यंत आणलं, तिथून गाडीनं गावी. जिजीनं तिच्या चेहऱ्यावरून एकदाच हात फिरवला. मग आजूबाजूच्या सगळ्या बायकांना सोडून तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ऑफिसात पडली का गं?” दिलीप माझ्या शेजारीच उभा होता. समोर वंदी होती. आणि मी म्हणाले, “हो जिजी, ऑफिसातच.” मी पस्तीस वर्षांहून जास्त काळ जिजीशी खोटं बोलत आले आहे, पण ते सगळं वंदीसाठी होतं. त्या दिवशी वंदी ऐकत नव्हती, आणि तेवढं एक खोटं मला स्वतःला घशाखाली उतरवता आलं नाही.

तीन आठवड्यांनी लिनी आली. ही वंदीची हाताखालची शास्त्रज्ञ, केरळची, तिशीतली मुलगी. वंदीच्या टेबलावरचं सामान पोस्टानं पाठवणं तिला बरं वाटलं नाही, म्हणून एवढ्या लांबून विमान, रेल्वे आणि शेवटी जाफराबादहून जीप असा प्रवास करून आली. जिजीला हिंदी चांगली समजते, तिनं लिनीला जवळ बसवून घेतलं, जेवू घातलं. लिनीनं खोक्यातून एकेक वस्तू काढली. चष्मा, स्वेटर, वह्या, आणि एक चौकटीतला फोटो. फोटोत आठ-दहा माणसं नारिंगी जाकिटं घालून एका कठड्यापाशी उभी होती, वंदी मधोमध, केस उडालेले, आणि मागे सगळं पाणीच पाणी. जिजीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. “हे क्या हाय?” लिनीला काय ठाऊक. ती म्हणाली, “अम्मा, जहाज है. इसी जहाज पे मैडम...” आणि तिला पुढे बोलवेना. दिलीप उठून बाहेर गेला. जिजीनं फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि मला विचारलं, “उषे, तुला म्हाईत व्हतं?” मी हो म्हटलं. लिनीच्या हातावर खण-नारळ ठेवून, तिला जीपपर्यंत पोचवायला सांगून जिजी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

चार दिवसांनी दिलीपचा फोन आला. जिजी जेवत नव्हती, दोन घास चहात बुडवून खायची तेवढंच. आणि एकच बोलत होती, “आण म्या घातली. म्याच मारली लेकीला.” लेकीनं या एकाच वेळी आपला शब्द मोडला आणि आणीनं तिला तिथेच गाठलं, असा तिनं हिशेब लावला होता. डॉक्टरचा कागद वाचून दाखवला, गावातल्या शिकलेल्या माणसांनी समजावलं, ती ऐकायला तयार नव्हती. मी रविवारी येते म्हटलं. दिलीप मला फाट्यावर घ्यायला आला आणि मोटारसायकल सुरू करायच्या आधी म्हणाला, “उषाताई, तिला वाटू राह्यलं ताई एकदाच गेल्ती. तेवढंच राहू दे. सतरा बारी गेली म्हणलं तर जीव सोडंल ती.” मला त्याचं पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. एकदाच गेली म्हटलं की वंदीही फार खोटी ठरत नव्हती आणि मीही.

जिजी ओट्यावर बसली होती. चार आठवड्यांत तिची मान बारीक झाली होती. मी तिच्या शेजारी बसले, तिनं बस म्हटलं नाही. “खरं सांग,” ती म्हणाली, “कवा गेल्ती, कशासाठी गेल्ती, कोनी जबरदस्ती केल्ती का?” मी तोंड उघडलं ते ‘एकदाच गेली होती’ म्हणायलाच. आणि माझ्या तोंडून ते निघेना. हे मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं. मला एवढंच दिसलं की मी एकदाच म्हटलं, तर ही म्हातारी उरलेलं सगळं आयुष्य त्या एका वेळेवर डोकं आपटत बसेल. मी म्हणाले, “जिजी, ती दर वर्षी जायची. नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून.” खांबाला टेकलेल्या दिलीपनं डोळे मिटून घेतले.

जिजी म्हणाली, “दर वर्षी म्हंजे?” मग मी सांगत गेले. पहिल्या सफरीत यंत्र बिघडलं असं सगळे म्हणाले आणि वंदी एकटी नाही म्हणाली, ते सांगितलं. तिसऱ्या वेळी वाराच पडला, समुद्र तळ्यासारखा झाला आणि यांनी दहा दिवस नुसते पत्ते खेळून काढले, ते सांगितलं. एकदा वादळ आलं आणि ती चार दिवस ओकत होती, तरी एका हातानं नोंदी लिहीत होती. एकदा वारा थांबल्यावरही फेस पाण्यात टिकून राहिला, आणि तो कसाही पसरलेला नव्हता, वाऱ्याच्या दिशेनं लांबच लांब पट्ट्यांत होता. “सरीवाणी?” जिजीनं विचारलं. मी म्हटलं, हो, सऱ्या पाडल्यासारखा. ती मधेमधे फक्त एवढंच विचारायची, “कोनता महिना?” आणि “आली मंग वापस?” मी महिना सांगायचे आणि म्हणायचे, आली. कडक अधिकारी खोटा होता, तेही सांगितलं. जिजीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला की मला भास झाला, सांगता येत नाही. सगळं सांगून होईपर्यंत ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं.

ती बराच वेळ बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “सतरा बारी मोडली तिनं आण?”

“हो जिजी.”

“आन् सोळा बारी बराबर वापस आली.”

“हो.”

“मंग आणीनं न्हाई मारलं तिला.” हे ती मला सांगत नव्हती, स्वतःशीच पडताळून बघत होती. “आणीला मारायचं आसतं तर पह्यल्याच बारीला मारलं आसतं. सोळा साल काऊन थांबंल ती?” मला एकदम विहिरीतून नाकातोंडात पाणी घेऊन वर आलेली वंदी आठवली आणि त्या दिवसापासून आत अडकलेलं रडू तिथे ओट्यावर, दिलीपसमोर फुटलं. ही अक्कल वंदीला कुठून आली होती, ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. जिजीनं मला रडू दिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. मी डोळे पुसल्यावर तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि त्या नजरेत राग होता, साधा, धडधडीत राग.

“माझी पोर पाण्यावर आसायची,” ती म्हणाली, “आन् म्या इकडं पोळ्या लाटायची, लग्नाला जायची, हसायची. देव पाण्यात घालून बसले आसते म्या तेवढे दिवस. सतरा बारी बसले आसते. तुमी दोघींनी मला एक बारी बी बसू देलं न्हाई.”

आम्हाला वाटलं होतं, आपण तिला काळजीपासून वाचवतोय. ती काळजी तिच्या हक्काची होती, हे आम्हा दोन शिकलेल्या बायकांच्या डोक्यात सतरा वर्षांत एकदाही आलं नाही. मी माफी मागितली. जिजी म्हणाली, “जेवून जा,” आणि दिलीपच्या बायकोला हाक मारून स्वतःसाठीही ताट वाढायला सांगितलं. माफ केलं का, ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जाते. गेल्या रविवारी मी तिथेच असताना लिनीचा फोन आला. या मोसमातली दुसरी फेरी निघणार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी, वंदीच्या जागी आता ती. मॅडम निघण्याआधी तुम्हाला फोन करायच्या, म्हणून केला म्हणाली. जिजीनं खुणेनं विचारलं, कोण? मी सांगितलं. कुठे चालली, किती दिवस, तेही सांगितलं. जिजीनं विचारलं, “वारा हाय का तिकडं?” मी म्हटलं, वारा आहे म्हणूनच जातात. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि लिनीला म्हणाली, “बेटी, वापस आयी की पैला फोन मेरेकू करना.” मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, देव्हाऱ्यातला पितळेचा रांगता बाळकृष्ण काढला, एका वाटग्यात ठेवला आणि तो पुरता बुडेपर्यंत वरून पाणी ओतलं. वाटगा पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून ती तिथेच भिंतीला टेकून बसली. जहाज अजून परतलेलं नाही. दिलीप सांगतो, ती रोज सकाळी पाणी बदलते आणि पुन्हा तिथेच बसते.